उजेडाची बाजू

ज्या वर्षी माझ्या नवऱ्याचं तेराव्या वर्षाचं श्राद्ध झालं, त्याच वर्षी शेजारच्या इसोनोताईचा माग बंद पडला. माग धडधाकट होता, डोळे गेले होते. उजेड आणि काळोख एवढंच तिला कळायचं.

निशिजिन या विणकरांच्या पेठेतल्या आमच्या गल्लीत नखांनी विणणारी ती शेवटचीच. नखांना कानशीने करवतीसारखे दाते पाडायचे आणि त्या दात्यांनी आडवा धागा आपल्याकडे ओढून बसवायचा. रोज सकाळी भिंतीपलीकडून कानशीची खसखस आली की मी चहाचं आधण ठेवायचे. ती खसखस थांबली आणि माझी सकाळ केव्हा सुरू होते तेच मला कळेनासं झालं. मुलगा ओसाकात. घरात बोलायला देव्हाऱ्यातल्या फोटोतला नवरा, आणि तो जिवंतपणीही कमीच बोलायचा.

पानं पिवळी पडायच्या सुमाराला मादोका आली. तिशीची मुलगी. संगणकावर उजेड आणि आवाज जुळवून प्रदर्शनाच्या मोठ्या दालनांत मांडायची. तिच्याजवळ काचेसारखा धागा होता. टोकाला छोटी दिव्याची पेटी लावली की धागा उजळायचा, पण एकाच बाजूने, जिथे त्यावर बारीक चरे मारले होते तिथेच.

"आजी, हा रेशमाबरोबर विणून द्याल? तुमच्या नखांचा आवाज मी टिपून घेईन, आणि त्याच ठेक्यावर कापडातला उजेड हलेल."

"आंधळीकडून विणून घेतेस? गावात कुणी मिळालं नाही वाटतं," इसोनोताई म्हणाली. पण उजळलेला धागा तिने डोळ्यांजवळ नेला, बोटांत फिरवला. मग मला म्हणाली, "तोमी, माझी कानस कुठे आहे बघ गं."

धागा तिला दिसत होता.

थंडीभर ती विणत होती. खोलीतला दिवा मालवायचा, पेटी लावायची, आणि त्या एका रेघेवर नजर ठेवून हात चालवायचे. रेशमाच्या कांड्या मी भरून रंगाप्रमाणे तिच्या हातात द्यायचे. लाटांचं नक्षीकाम तिच्या बोटांत जन्मभराचं होतं.

"निळा दिलास की करडा?"

"निळा."

"तुझा निळा म्हणजे भरवसा नाही. लग्नातही निळा म्हणून करडा किमोनो नेसून आली होतीस."

दुपारी आम्ही सलगमाच्या लोणच्याशी हिरव्या चहात कालवलेला भात खायचो. मादोका अधूनमधून येऊन वरून बघायची, खूश होऊन जायची.

वसंतात कापड दालनात टांगलं. मादोकाने दिवे मालवले, पेटी सुरू केली. नखांचा आवाज चहूकडून आला, पण कापड काळंच राहिलं. उजेड मागच्या भिंतीवर पडला होता.

नखांचं कापड उलटं विणतात. विणणारीसमोर मागची बाजू असते, पुढची खाली. पूर्वी इसोनोताई खाली आरसा धरून पुढची बाजू बघायची. आता आरशाचा उपयोग नव्हता, आणि धागा दिसावा म्हणून चरे तिने आपल्याकडेच ठेवले होते. माझ्या डोळ्यांदेखत ठेवले होते, पण इतक्या महिन्यांत तिला दिसतंय एवढंच मी बघत राहिले.

मादोका खाली बसली. मग म्हणाली, "आजी, उलटं टांगूया. लोकांना काय कळणार?"

"मागे धाग्यांची टोकं लोंबतायत."

"ती छान दिसतात. खरंच."

"आमच्यात मागची बाजू परक्याला दाखवत नाहीत. ती विणणारीची असते."

"मग माझ्या दोन वर्षांच्या कामाचं काय? उजेड कुणाला दिसणार?"

"मला दिसला ना थंडीभर," इसोनोताई म्हणाली. "तुझं नुकसान झालं, ते मला कळतं गं. पण कापडाची पाठ दाखवून मी जाणार नाही."

मादोका उठली. बाहेर जाऊन आली, डोळे धुतलेले. कापड तसंच ठेवलं.

उद्घाटनाला लोक आले. पाटीवरची अक्षरं मी एकेक लावत वाचली. विणणारीचं नाव बरोबर लिहिलं होतं. लोक काळ्या कापडापुढे क्षणभर थांबायचे, कडेने झिरपणारा उजेड बघायचे आणि पुढे जायचे. इसोनोताईने माझ्याकडे पिशवी दिली आणि कापड आणि भिंत यांच्यामधल्या फटीत आडवी शिरली. तिथे ती बराच वेळ उभी होती. तिची पावलं तेवढी मला खालून दिसत होती. दोघी मावतील एवढी जागा तिथे नव्हती.

दिव्याची पेटी कापडाबरोबर दालनातच राहिली. मादोकाने दुसरी आणून देईन म्हणून दोनदा फोन केला. "आता राहू दे," इसोनोताईने तिला सांगितलं. ताईची नखं वाढली, मीच कापून द्यायचे.

प्रदर्शनाच्याच वर्षी डिसेंबरच्या नऊ तारखेला इसोनोताई दवाखान्यात वारली. तिचं वय ब्याऐंशी होतं.