फिट माणूस

फिट हा शब्द ताईच्या घरात उठता-बसता यायचा. ताई शिवणकाम करायची. पलीकडच्या कारखान्यातल्या कामगारांच्या निळ्या डांगऱ्या तिच्याच मशीनवर शिवल्या जायच्या, त्यामुळे गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की पहिला शब्द तोच. खांद्यात फिट, कमरेत सैल. धाकटा भाऊ त्याच कारखान्यात फिटर. कारखान्याचा डॉक्टर वर्षातून एकदा त्याची जीभ बघायचा, पाठीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, फिट. चहा जमला तरी भाऊ म्हणणार, "ताई, आज एकदम फिट!" इंग्रजीतून आलेला एवढासा शब्द, पण घरजावयासारखा सगळीकडे लुडबुडायचा.

फक्त एका अर्थाने तो या घरात कुणी उच्चारत नव्हतं. भावाला फिट यायची. डोळे वर, दातखीळ, हातपाय ताडताड उडायचे. ताई त्याला कुशीवर वळवायची, डोक्याखाली चिंध्यांचं गाठोडं सरकवायची आणि दार लावून घ्यायची. शुद्धीवर आल्यावर तो विचारायचा, "पुन्हा?" आणि ती म्हणायची, "काही नाही रे, जरा चक्कर आली." चक्कर म्हणे! झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण या मुठीत निखारा होता. आई-वडिलांमागे तिनेच त्याला वाढवलं होतं. कामावरून काढलं तर पोरगं खचेल, या धास्तीने तिची जीभ टाळूला चिकटायची.

एक दिवस कारखान्याचा फोरमन नवी डांगरी घालून बघायला आला. पोट सुटलेलं, पण ते त्याला मान्य नव्हतं. ताई त्याच्या पायाशी बसून डांगरीच्या पायांची मोहरी टाचत होती. टाचण्या ओठांत धरलेल्या.

"तुमच्या भावाला क्रेनवर घेतोय, ताई," तो आरशातल्या स्वतःकडे बघत म्हणाला. "सोमवारपासून. वर केबिनमध्ये बसायचं आणि लोखंड या टोकाचं त्या टोकाला न्यायचं."

त्या लोखंडाखाली माणसं काम करतात, हे ताईला ठाऊक होतं. त्यांच्या छातीची मापं तिला तोंडपाठ होती. टाचण्या काढून दोन शब्द बोलायला असा कितीसा वेळ लागतो? पण तोंडात टाचण्या असताना शिंप्याने बोलायचं नसतं, आणि गिऱ्हाईकही उत्तराची वाट बघत नाही. ताई त्या रिवाजाच्या आड लपली. टाचण्या संपल्या, तेव्हा तिने डबीतून आणखी घेतल्या आणि ओठांत धरल्या. टाचायचं काही उरलंच नव्हतं.

भाऊ घरी आला तो उड्या मारतच. "ताई, आता बघ तुझे पांग कसे फेडतो!"

"वर एकटाच असणार तू?"

"एकटाच. राजा माणूस!"

ती हसली, आणि त्या हसण्याची तिला स्वतःचीच लाज वाटली.

सोमवारी दुपारी तिला राहवेना. बाही सुईखाली अर्धवट सोडून ती कारखान्यात गेली. फोरमन शेडच्या दाराशीच होता. वर क्रेन चालली होती, साखळ्यांना लोखंडाचं भलंमोठं धूड लटकत होतं आणि खाली निळ्या पाठी कामात वाकलेल्या होत्या.

"साहेब, त्याला खाली उतरवा. त्याला फिट येते. मी लपवलं. मला काय बोलायचं ते बोला, पण आधी त्याला उतरवा."

फोरमनने इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोला, ताई. मला माहीत आहे."

"माहीत आहे?"

"त्यानेच सांगितलं. मी सांगितल्याचं ताईला कळू देऊ नका, ती घाबरेल, म्हणाला. मीच म्हटलं, गप्प बस. आधीचा क्रेनवाला सोडून गेला, दुसरं कुणी वर चढत नाही, आणि माल काय मी डोक्यावरून नेऊ?" त्याने घाम पुसला. "थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. आणि ऐका, घंटा वाजतेय ना? लोखंड हलतंय तोवर वरच्याने पायाने ती दाबत राहायचीच, खालच्यांना कळावं म्हणून. घंटा चालू आहे म्हणजे आपला गडी ठीक आहे."

ताईने कान दिला. यंत्रांच्या गोंगाटातूनही घंटा खणखणीत ऐकू येत होती. खालची माणसं त्या आवाजाचा अंदाज घेत, वर न बघताच बाजूला सरत होती आणि लोखंड पुढे गेलं की पुन्हा जागेवर येत होती. तिचा जीव जरा भांड्यात पडला.

मग घंटा थांबली. लोखंड पुढे सरकतच होतं.

ताई जीव तोडून ओरडत आत धावली, पण तिचा आवाज गोंगाटात कुठल्या कुठे विरला. खालच्या एकानेही मान वर केली नाही. बाजूला सरलेले सगळे आपापल्या जागेवर परत येऊन वाकले. घंटा बंद म्हणजे लोखंड थांबलं, असंच त्यांना शिकवलेलं होतं.