चेपलेलं डोरलं

दोघींच्या मध्ये अमोलनं मुद्दाम आपली खुर्ची घातली आणि मॅनेजरकडे बघून तो हसला. हसण्यासारखं खरं म्हणजे काही नव्हतं. बुटीबोरीच्या त्या बँकेत एका मेलेल्या माणसाच्या खात्यासाठी दोन बायका आल्या होत्या, आणि खातेदारानं वारस म्हणून कोणाचंच नाव लावलं नव्हतं. नाव सुशील, पण जाताना दोघींच्या जिवाला घोर लावून गेला.

"कायद्यानं बायको कोण, एवढंच मला पाहिजे," मॅनेजर म्हणाले. "इथे एकमत झालं तर ठीक, नाही तर कोर्टात जा. जयवंताबाई, तुमची फारकत झाली होती का?"

जयवंता ही सुशीलची पहिली बायको, अमोलची बहीण. दहा वर्षांपूर्वी गावच्या पंचांसमोर, स्टॅम्पपेपरवर दोघं वेगळे झाले होते. कोर्टाची पायरी कोणी चढलंच नव्हतं. तो कागद पुढे कुठे गेला, देव जाणे. वकिलानं अमोलला सांगितलं होतं, बहिणीनं फक्त 'नाही' म्हणायचं. पैसे आले की वर तिला एक खोली बांधून द्यायचं भावानं कबूल केलं होतं. दहा वर्षं ती त्याच्या घरी बैठकीत झोपत होती. पाहुणा आला की तिचं अंथरूण स्वयंपाकघरात जायचं. वरच्या खोलीला आतून कडी असणार होती. जयवंताला ती कडी हवी होती, फार हवी होती.

"नाही झाली," ती म्हणाली. आवाज बरा निघाला.

"खोटं काहून बोलून राहिल्या, बाई?" पलीकडून कामिनी म्हणाली. सुशीलची दुसरी बायको. "दवाखान्यात त्यायच्यापाशी मीच होती. माही पिंकी तिसरीत हाय. तिले घेऊन कुठं जाऊ मी?"

"लग्नाचा पुरावा हाय का?" अमोलनं विचारलं.

कामिनीनं पर्समधून रुमाल काढला आणि त्याची गाठ दातांनी सोडली. आत मंगळसूत्र होतं, नवरा गेल्यावर उतरवलेलं.

"मंदिरात लग्न लावलं तवा त्यायनं हे घातलं. दुसरं माह्यापाशी काही नाही."

जयवंतानं ते उचललं. मणी नवे होते. मधलं डोरलं मात्र तिच्या अंगठ्याला आधी कळलं, मग डोळ्यांना. विहिरीवर बादली आदळून त्याची एक वाटी चेपली होती. इतवारीतल्या सोनाराकडे खेपा घालून बापानं ते घडवून घेतलं होतं. मेल्यानं मणी तेवढे बदलले आणि डोरलं तेच ठेवलं. तिला इतका संताप आला की आधी हसूच आलं.

"हे माहं हाय," ती म्हणाली.

"तुमचं? मग यांच्याकडे कसं गेलं?" मॅनेजरांनी विचारलं.

अमोल आधी सावध झाला.

"चोरलं असन त्यानं. सांग न वं, जयवंता. चोरलं म्हणून सांग."

कामिनीचा चेहरा उतरला होता. इतकी वर्षं ती बिचारी ते नवं समजून मिरवत होती. जयवंता तिच्याकडे बघत राहिली. 'चोरलं' म्हटलं की संपलं होतं, खोली तिची होती. पण त्या दिवशी तिच्या गळ्याला कोणी हात लावला नव्हता. आयुष्यात स्वतः ठरवून केलेलं तिचं तेवढं एकच काम होतं.

"चोरलं नाही," ती म्हणाली. "पंच बसले होते. सासू म्हणे, जाचं हाय त जा, पण गळ्यातली गरसोळी ठेवून जा. मी माह्या हातानं काढून ठेवली आन् मंग सही केली. फारकत झाली, साहेब."

अमोल खुर्ची मागे ढकलून बाहेर गेला.

"तसं लिहून द्याल?" मॅनेजरांनी विचारलं.

"द्या कागद. पण डोरलं मले पाह्यजे."

कामिनीनं दोरा तोडला, डोरलं जयवंताच्या पुढ्यात ठेवलं आणि मणी वेचून परत रुमालात बांधले.

बाहेर अमोल गाडीवर बसून समोरच्या रस्त्याकडे बघत होता. जयवंता जवळ जाऊन उभी राहिली. एरवी ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून सरळ मागे बसायची. आज तिची मूठ मिटलेली होती.

"दादा, बसू का?" तिनं विचारलं.

अमोलनं गाडी सुरू केली नाही.