नसलेल्या दाढेतली कीड

वखारीमागच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. गालाला फडकी बांधलेली माणसं भिंतीला टेकून बसली होती. मधोमध कीडबाबा. त्याच्यापुढे गरम पाण्याचं भांडं, भांड्यात वीट, विटेवर निखारे. बाबानं निखाऱ्यांवर मूठभर बी टाकलं. ताईनं तोंडात नळी धरून धूर ओढला, आणि पाण्यावर पांढऱ्या अळ्या तरंगल्या. लोकांनी हात जोडले.

"जुनाट कीड आहे. डॉक्टरच्या चिमट्याला भीक घालत नाही, मला घाबरते," बाबा म्हणाला.

धाकटी बहीण ताईच्या शेजारीच बसली होती. ताईची ही तिसरी खेप. दर खेपेला अळ्या निघत आणि ताईचं तोंड आणखी कमी उघडे. आता सूज जबड्याखाली उतरली होती, थुंकी गिळवत नव्हती. अक्कलदाढ आडवी आहे, ठणका नाही तोवरच काढा, असं डॉक्टरीणबाईंनी दोघी बहिणींना सांगितलं होतं. धाकटीनं काढली, गालावर बर्फ धरला, आठवडाभर पातळ खाल्लं, विषय संपला. ताई म्हणाली होती, "दुखत नाही, तर उगीच कशाला?"

"ताई, दवाखान्यात चल."

ताईनं मान हलवली. कीड तिनं डोळ्यांनी पाहिली होती.

मग धाकटीच पुढे सरकली. "बाबा, माझी उजवी अक्कलदाढ बघा."

बाबानं वरूनच गाल चाचपला. "पार पोखरलीय की." पुन्हा बी, पुन्हा धूर. चांगल्या टपोऱ्या अळ्या निघाल्या.

धाकटीनं तोंड वासून सगळ्यांना दाखवलं. तिथं नुसती हिरडी होती. "दाढ गेल्या वर्षीच काढलीय. कीड काय भाड्यानं राहत होती?"

तिनं बाबाच्या पिशवीतलं बी स्वतः निखाऱ्यांवर टाकलं. नळीला कुणाचंच तोंड नव्हतं. बी तडतडून पाण्यात उडालं, आणि फुटलेल्या दाण्यांतून पांढरे कोंब बाहेर आले. त्याच अळ्या.

ताई उठली. काही बोलू गेली, पण घशात नुसती घरघर झाली.

धाकटीनं तिला तसंच दवाखान्यात नेलं. ती वाचली. मान चिरून पू काढावा लागला, महिनाभर नळीनं जेवली. जे आठवड्यात उरकलं असतं, ते जिवावर बेतलं.

बाबा आता दुसऱ्या गल्लीत बसतो. खोली अजूनही भरते. दारात ताई उभी असते, मानेवरची खूण उघडी ठेवून.

"दुखत नव्हती तेव्हाच काढायला हवी होती," ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. "मीही डोळ्यांनीच पाहिलं होतं. तुम्ही पाहा, पण मग विचारही करा."

काही जण थांबतात. बाकीचे तिला ओलांडून आत जातात.