तीन हाका

प्रश्न क्रमांक सतरा पुकारला जाईल तेव्हा बाईंनी आपल्या जागेवर नसावं, एवढीच पक्षाची इच्छा होती. जास्त काही नाही.

"खाली जाऊन निवांत चहा घ्या," पक्षाचे प्रतोद म्हणाले. प्रतोद म्हणजे सदस्यांना वळणावर ठेवणारा माणूस. कोणी कधी हात वर करायचा आणि कोणी कधी तोंडाला कुलूप लावायचं, ते हा ठरवणार. "क्रमांक पुकारला, सदस्य जागेवर नाही, प्रश्न रद्द. सापही मरेल, काठीही मोडणार नाही."

"आणि मला चहा नको असेल तर?"

"तर तुमच्या समितीचं अध्यक्षपद हवं असलेले पाच जण माझ्या दारात उभे आहेत." प्रतोद गोड हसले. "बाई, सरकार आपलंच, संरक्षणमंत्रीही आपलेच. घरचं भांडण चव्हाट्यावर कशाला?"

बाईंनी पिशवी काखेत घट्ट धरली आणि सरळ सभागृहाच्या दिशेनं चालू लागल्या. बावीस वर्षं त्यांनी शाळेत काढली होती. निवडून आल्या तरी लोक त्यांना बाईच म्हणायचे, अगदी विरोधी बाकांवरचेसुद्धा. साठ-साठ पोरांचा वर्ग जिनं नुसत्या नजरेनं गप्प बसवला, तिला हा गृहस्थ कपभर चहाचं आमिष दाखवत होता! पिशवीत एकसष्ट जणांचे पास होते, आणि सगळ्यात वरचे तीन त्यांच्या सख्ख्या मोठ्या भावाचे होते.

दादा एकोणीस वर्षं तोफखान्यात होता. त्याचं काम तोफेत गोळा भरायचं. कानात कापसाचा बोळा घालायचा, आणि बोळा नसला तर बोटं. पण दोन्ही हातांत गोळा असताना बोटं आणायची कुठून? घरी परतला तेव्हा एक कान पार गेलेला, आणि दुसऱ्यात कोणी अगदी जवळ येऊन ओरडलं तर जेमतेम काहीतरी पोचायचं. वहिनी थट्टा करायच्या, "बरंच झालं बाई, आता मी दिवसभर बडबडले तरी हे हूं की चूं करत नाहीत." पण नात पहिल्यांदा 'आजोबा' म्हणाली, तेव्हा दादा नुसता तिच्या ओठांकडे बघत राहिला आणि वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडून आल्या.

माजी सैनिकांचे कान तपासायला सरकारचं एक वैद्यकीय मंडळ होतं. मंडळानं दाखला दिला की उपचार आणि कानाचं यंत्र सरकारकडून मिळायचं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हे कान नोकरीत गेले, हे सरकार कागदावर कबूल करायचं. दादानं अर्ज केला. तपासणीचं बोलावणं तीनदा आलं. आणि मग एक पत्र आलं: 'अर्जदार तिन्ही तारखांना गैरहजर. प्रकरण कायमचं बंद.'

हे पत्र वाचून बाईंनी काय केलं? सांगायलाही लाज वाटावी असंच केलं. त्या भावावरच उखडल्या. दादाशी बोलायला घरात एक शाळेची पाटी ठेवलेली होती. तिच्यावर त्यांनी भल्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'का गेला नाहीस?' चारचौघांत स्वतःला बहिरा म्हणवून घेणं त्याच्या जिवावर आलं असणार, अशी त्यांनी मनाशी खूणगाठच बांधली होती. कागदावर गैरहजर लिहिलंय ना, मग गैरहजरच! जन्मभर हजेरीपट सांभाळलेली बाई ती, दुसरं काय समजणार?

कपाटातून तीन चिठोरे आणून दादानं पाटीवर ठेवले. मंडळाच्या फाटकावर मिळणारे प्रवेशाचे पास होते ते. तिन्हीवर शिक्के होते, सकाळी आठ चाळीसला आत गेल्याचे आणि संध्याकाळी पाचला बाहेर पडल्याचे.

"चिमे," तो म्हणाला. ऐकू येईनासं झाल्यापासून त्याच्या आवाजाचं माप सुटलं होतं. शेजाऱ्यांनाही ऐकू जायचं. "एकोणीस वर्षांत एक दिवस गैरहजर नव्हतो मी. तापानं फणफणत उभा राहिलो. आई गेल्याची तार आली त्या सकाळीही रांगेत उभा होतो. आणि हे लिहितात, आला नाही! मला यंत्रबिंत्र काही नको. तेवढा एक शब्द खोडायला सांग त्यांना."

'मग तुझा नंबर का लागला नाही?' बाईंनी लिहिलं.

"मला काय ठाऊक? सगळे बसले होते, मीही बसलो. मधूनच एखादा उठून जायचा. पाच वाजले की शिपाई येऊन दिवे मालवायचा."

वहिनींनाही यापेक्षा जास्त काही सांगता येईना. सोबतच्या माणसांना आत सोडत नव्हते. त्या तिन्ही वेळा बाहेरच्या बाकावर बसून होत्या. तेव्हा दुसऱ्याच दिवशी बाई स्वतः तिथे गेल्या. लोकप्रतिनिधीला कोण अडवणार? दालन चांगलं लांबलचक होतं. ऐंशीएक खुर्च्या, त्यांवर ताठ बसलेले, दाढी नीट केलेले तोफखान्यातले निवृत्त जवान. पार दुसऱ्या टोकाला एक दार होतं. ते थोडंसं उघडायचं, एक कारकून डोकं बाहेर काढायचा आणि हातातल्या यादीत बघून नाव पुकारायचा. एकदा, दोनदा, तीनदा. मग यादीत फुली मारायचा आणि दार लावून घ्यायचा.

अरे देवा! कान गेलेत का हे तपासायला माणसं बोलावली, आणि बोलावत होते हाका मारून! ज्याला थोडंफार ऐकू यायचं तो उठून आत जायचा आणि दाखला घेऊन घरी जायचा. जो ठार बहिरा, तो बसल्या खुर्चीत गैरहजर. बाईंना आधी हसू आलं आणि मग अंगाची अशी लाहीलाही झाली की त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

कारकून वाईट नव्हता. "नियमात तीनच हाका आहेत, बाई," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मी कधीकधी चौथीही मारतो. दया येते हो."

बाईंनी त्याला दोष दिला नाही. पण पाटीवर लिहिलेला आपला तो प्रश्न त्यांच्या मनातून जाईना. भावाच्या शब्दापेक्षा त्यांनी कागदाला जास्त मोल दिलं होतं. पुढचे दोन महिने त्या गावोगाव फिरल्या आणि पास जपून ठेवलेली एकसष्ट माणसं शोधून काढली. मग प्रश्न लिहून दिला.

सरकारचं लेखी उत्तर दोन ओळींचं आलं. तोफांवरच्या जवानांना कानांचं संरक्षण करणारी साधनं गरजेनुसार पुरवली जातात. श्रवणदोषाचा एकही अर्ज प्रलंबित नाही. वाचणाऱ्याला वाटावं, सगळं कसं आलबेल आहे.

"क्रमांक सतरा," सभागृहाच्या अध्यक्षांनी पुकारलं.

बाई उठल्या. वर प्रेक्षकांच्या सज्जात दादा आणि वहिनी बसले होते, आणि त्यांच्या मागे पास जपून ठेवणारे बाकीचे जवान. वहिनींच्या मांडीवर पाटी होती.

"उत्तर पटलावर ठेवलं आहे," संरक्षणमंत्री अर्धवट उठत म्हणाले आणि बसले.

बाईंना दोन उपप्रश्नांची मुभा होती. "गरजेनुसार म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. "तोफ उडते तेव्हा ती आवाज करते. तिच्याशेजारी उभ्या माणसाची गरज कोण ठरवतं आणि कधी? कान जायच्या आधी की नंतर?"

"माहिती घेऊन सभागृहाला कळवू."

"बरं. दुसरा प्रश्न. एकही अर्ज प्रलंबित नाही, कारण चारशे बारा अर्ज गैरहजर असा शेरा मारून बंद केलेत. या माणसांना तपासणीसाठी आत बोलावण्याची पद्धत काय आहे?"

मंत्र्यांनी अधिकाऱ्यांच्या बाकांकडे पाहिलं. तिकडून एक चिठ्ठी आली. ती आधी मनात वाचावी, एवढं भान त्यांना राहिलं नाही. "नियमाप्रमाणे," त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, "प्रत्येक अर्जदाराचं नाव मोठ्यानं तीन वेळा पुकारलं जातं."

क्षणभर कोणाच्या काही लक्षात आलं नाही. मग मागच्या बाकावरून कोणीतरी खुदकन हसलं, आणि बघता बघता हसू सगळ्या सभागृहात पसरलं. दोन्ही बाजूंचे सदस्य बाकं बडवत होते. मंत्री पुन्हा चिठ्ठीत बघत होते.

"हसू नका!" बाई कडाडल्या. वर्गातला तो जुना आवाज होता. माणसं गप्प झाली. "ती माणसं आत्ता वर सज्जात बसली आहेत. त्यांना शब्द ऐकू येत नाहीत, पण हसणारी तोंडं दिसतात. त्यांना वाटेल आपण त्यांनाच हसतोय." त्यांनी पिशवीतले पास काढून समोर ठेवले. "यातला एक माझा भाऊ आहे, हे मी लपवत नाही. बाकीचे साठ माझे कोणी नाहीत. सरकारच्या फाटकावर ही माणसं हजर आहेत, आणि फाटकापासून पन्नास पावलांवर तीच माणसं गैरहजर आहेत. हा शेरा कधी खोडणार?"

"सरकार सहानुभूतीपूर्वक विचार करेल," मंत्री म्हणाले.

म्हणजे झालंच कल्याण. सहानुभूतीपूर्वक विचारासाठी गेलेली प्रकरणं कुठल्या कपाटात जातात, हे बाईंना चांगलं माहीत होतं. आज खाली बसलं, की दादाच्या नावापुढे तो शब्द मरेपर्यंत राहणार.

"दोन्ही उपप्रश्न झाले. बाई, बसा," अध्यक्ष म्हणाले. "क्रमांक अठरा."

बाई बसल्या नाहीत.

"सन्माननीय सदस्य, खाली बसा."

बाईंनी समोरच्या भिंतीवर नजर लावली. त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. शेजारून प्रतोद दात-ओठ खात पुटपुटत होते, "अहो, बसा ना, बसा!" अध्यक्षांनी घंटी वाजवली आणि बाईंना दुसऱ्यांदा बसायला सांगितलं. मग आवाज चढवून तिसऱ्यांदा सांगितलं. शिस्तीचे मोठे कडक होते ते. याहून कमी कारणासाठी त्यांनी सदस्यांना बाहेर काढलं होतं. आता बाईंचीही पाळी, असंच सगळ्यांना वाटलं.

तेव्हा बाई बोलल्या. "अध्यक्ष महोदय, आपण मला तीन हाका मारल्या. मी ओ दिली नाही. आता लिहून घ्या, सदस्य गैरहजर. मी इथे तुमच्या डोळ्यांसमोर उभी आहे, तरी लिहा. त्या चारशे बारा जणांच्या नावापुढे लिहिलंय, तसंच लिहा."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ते बाईंकडे नाही, मंत्र्यांकडे वळले.

"तारीख?" त्यांनी विचारलं.

"अध्यक्ष महोदय, मी म्हटल्याप्रमाणे, विचार..."

"विचार नको. तारीख सांगा."

मंत्र्यांनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं. या वेळी चिठ्ठी आली नाही. "तीस दिवस," ते शेवटी म्हणाले. "चारशे बाराही प्रकरणं पुन्हा उघडू. गैरहजर हा शेरा रद्द केला जाईल. पुढच्या वेळी प्रत्येकाच्या समोर जाऊन बोलावलं जाईल."

"कामकाजात नोंद घ्या," अध्यक्ष म्हणाले. "आता तरी बसा, बाई."

बाई बसल्या. त्यांनी मान वर करून पाहिलं. वहिनींनी पाटीवर एकच शब्द लिहिला होता, 'खोडला.' दादा ती पाटी दोन्ही हातांत धरून बसला होता.

संध्याकाळपर्यंत समितीचं अध्यक्षपद गेलं. प्रतोदांनी जातीनं येऊन सांगितलं. "असू दे हो," बाई म्हणाल्या. "पण तो चहा राहिलाय माझा. तेवढा पाजा."

अठ्ठाविसाव्या दिवशी दादाला बोलावणं आलं. तो जायला तयारच होईना. तीनदा तोंडघशी पडलेला माणूस तो. शेवटी बाईंनी पाटीवर लिहिलं, 'चुकले मी. आता माझ्यासाठी चल.' दादानं ते वाचलं, हातानंच पुसून टाकलं आणि बूट घातले.

सोबतच्या माणसांना आत सोडत नव्हते, तो नियम तसाच होता. वहिनी आणि बाई बाहेरच्या बाकावर बसल्या. दार मात्र आता सताड उघडं ठेवलेलं होतं. नंबर दाखवणारा दिव्यांचा फलक यायचा होता. त्याची निविदा म्हणे अजून निघायची होती. तोवर कारकुनानं एक पाटी पैदा केली होती. तिच्यावर नाव लिहून तो खुर्च्यांच्या रांगांमधून चालत यायचा आणि एकेकाच्या चेहऱ्यासमोर धरायचा.

तिसऱ्या रांगेत तो दादासमोर थांबला.

दादानं पाटी वाचली. उठला. टाचा जुळवल्या, छाती पुढे काढली.

"हजर!"

खिडक्यांच्या काचा थरथरल्या. कारकुनाच्या हातून खडू पडला. फाटकावरचा पहारेकरी धावत आत आला. आणि त्या दालनातल्या ऐंशी माणसांपैकी एकानंही मान वळवली नाही.

बाहेर बाकावर वहिनींनी बाईंचा हात गच्च धरला होता.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "ऐकलंत?"

बाईंनी डोळे पुसले. "ऐकलं, वहिनी," त्या म्हणाल्या.