अंगठ्याआधीचा प्रश्न

थंडीतलं कोवळं, केशरी ऊन शुक्रवार पेठेतल्या आमच्या गच्चीवर उतरायच्या आत वर्तमानपत्र उलगडल्याचा करकरीत आवाज यायचा आणि पाठोपाठ शैलाआत्याचा उत्फुल्ल स्वर: "अगं ऊठ! लशीच्या चाचणीचा तिसरा टप्पा सुरू झाला!" जगावर महामारीचं मळभ दाटलेलं, गल्ल्या मुक्या झालेल्या, आणि जन्मभर अक्कलकोटच्या शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली ही माझी आत्या लग्नघरातल्यासारखी लगबगलेली! वाचताना तिच्या भुवया चढायच्या, पेन्सिल समासात धावायची, चहावर साय धरायची. कोण म्हणतं, किती माणसांवर पाहिलं आणि त्या माणसांना नीट विचारलं होतं का, हे तीन प्रश्न समासात उमटल्याशिवाय कुठलीच बातमी तिला पचत नसे. तिसऱ्यापाशी ती फार रेंगाळायची. खोटं कशाला बोलू, मला ते मास्तरकीचं खूळ वाटायचं.

अशाच एका सकाळी समोरचा किराणा दुकानदार मल्लिनाथ संमतीचा कागद नाचवत आला. शहरातल्या एका रुग्णालयात लशीची चाचणी होणार होती आणि त्यानं आपल्या आईचं, सिद्धव्वांचं, नाव दिलं होतं. "बाई, साक्षीदार म्हणून सही करा की. अंगठा घेऊनच आलोय." सिद्धव्वांना अक्षरओळख नव्हती, मराठीही जुजबी; घरातल्या प्रत्येक कागदावर त्यांचा अंगठा असाच, न विचारता, उमटत आलेला. मल्लिनाथला त्यात वावगं वाटलंच नाही. वडील त्याच साथीत गेलेले. आई तरी राहावी, एवढीच त्याची तळमळ.

ती चाचणी व्हावी म्हणून आत्या देव पाण्यात ठेवून बसलेली. पण कागद तिनं परत केला. "अंगठा त्यांचा आहे, होकार तुझा. कोरा कागद आण."

"अवो, उद्या दुपारी नोंदणी बंद व्हतीय!"

"मग पळ."

दुपारी सिद्धव्वांच्या उंबऱ्याशी बसून आत्यानं अक्कलकोटात अंगवळणी पडलेल्या कन्नडमधून सारं उलगडून सांगितलं: सुईत लस असेल किंवा नुसतं पाणी, ताप येईल, मधूनच सोडता येईल. शेवटी म्हणाली, नको वाटलं तर नको म्हणा. सुपातल्या तांदळावरून फिरणारी सिद्धव्वांची बोटं थबकली. मान वर करून त्यांनी आत्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या कन्नडमधला तो ठसठशीत नकार आला: "ब्याड."

मल्लिनाथनं कपाळावर हात मारला. आत्याचा चेहरा खर्रकन उतरला. तिच्या एका शब्दाखातर सिद्धव्वांनी 'हो' म्हटलं असतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. तो शब्द तिनं गिळला, "बरं" म्हणाली आणि कागद दुमडला. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, म्हातारी हकनाक जाईल! समजाव ना!"

"समजावून झालं. आता पुढे बोलले तर ते ढकलणं होईल." संध्याकाळभर तिनं बातम्या लावल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास जिन्यात पावलं वाजली. ठेवणीतलं इरकली लुगडं, कपाळावर ताजी विभूती, धापा टाकत सिद्धव्वा एकट्या वर आलेल्या. मोडक्या मराठीत, डोळे मिचकावत म्हणाल्या, "काल न्हाय म्हटलं, लई ग्वाड वाटलं बाई! लगीन ठरलं तवा कुणी इचारलं न्हाय, घर इकलं तवा न्हाय. म्हणून एक दिस ते न्हाय ठेवून घेतलं. आता व्हय. पण अंगठा मीच लावनार."

आत्या हसत होती की रडत होती, देव जाणे. गोंधळात तिनं चष्मा कपाळावर सारला आणि घरभर चष्माच शोधत सुटली. बाराच्या आत मल्लिनाथच्या स्कूटरवरून ती थाटाची स्वारी रुग्णालयाकडे निघाली, आणि मी गच्चीवरून वेड्यासारख्या टाळ्या पिटल्या.

सिद्धव्वा आजही उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसतात. गेली ती आत्या, मागच्या उन्हाळ्यात, हृदयविकारानं, दोन तासांत. मृत्यू कुणाची संमती घेत नाही, काळही घेत नाही. ती मात्र घ्यायची, आणि विचारल्यावर थांबायची. तिचा आवाज आता आठवणीत विरत चालला आहे, पण नकार ऐकून गप्प बसलेली ती, ओठ घट्ट मिटून थांबलेली, मला अजून स्पष्ट दिसते.