पान मागं घेणारा माणिकराव

जिंतूरहून येलदरीकडे निघालं की पूर्णेच्या काठाला आमचं गाव लागतं. निजामाच्या अमलात, इंग्रज सरकारची जर्मनीशी लढाई सुरू झाली त्या सुमाराला, आमच्या गावात पोळ्याचा मान पत्त्यांवर ठरत असे. वेशीच्या तोरणाखालून कुणाचा बैल पहिला जाणार, त्यासाठी मेंढीकोटाचा डाव मांडायचा. बाहेरगावच्या पाहुण्याला हे सांगितलं की तो हसायचा. पण त्याआधी हाच मान लाठ्यांवर ठरत होता, हे त्याला ठाऊक नसायचं.

मानासाठी भांडणारी घरं दोन, आणि दोन्ही एकाच भावकीतली. एक माणिकरावाचं, दुसरं त्याच्या चुलतभावाचं, दिनकररावाचं. एका पोळ्याला दोघांच्या गड्यांनी एकमेकांची डोकी फोडली. जिंतूरच्या ठाण्याचे अमीनसाहेब घोड्यावरून आले, दोन्ही घरचा चहा प्यायले आणि जाताना म्हणाले, "अगली बार लाठी चली तो दोनों के बैल थाने में बंधेंगे." बैल ठाण्यात, म्हणजे पेरण्या-पाळ्यांचं काय, हे दोघांनाही लगेच कळलं.

मग दोघांची आत्या मधे पडली. धुरपदाबाई. नवरा गेल्यावर ती माहेरी येऊन राहिली होती आणि दोन्ही भाच्यांना तिनं अंगाखांद्यावर खेळवलं होतं, त्यामुळे तिच्यापुढे दोघांचीही मान वर होत नसे. ती म्हणाली, "लाठ्या कशाला पाहिजेत? दोघंबी रोज पारावर पत्ते कुटायलात. खांदेमळणीच्या दुपारी एक डाव मांडा. जिंकंल त्याचा बैल म्होरं. आन् मी बसते बघायला."

असा पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, तो डाव सुरू झाला. मारुतीच्या पारावर घोंगडी, घोंगडीवर चौघं. माणिकरावाचा भिडू त्याचा धाकटा भाऊ वैजीनाथ, दिनकररावाचा भिडू त्याचा मुलगा भुजंग. मेंढीकोट म्हणजे चार दश्श्यांचा खेळ. दश्शी हीच मेंढी. ज्याच्या हाताला जास्त मेंढ्या लागतील, तो जिंकला.

आता माणिकरावाची एक खोड होती. तो पान टाकायचा, भिडूच्या तोंडाकडे बघायचा, भिडूच्या कपाळाला आठी दिसली की पान उचलायचा. "चुकलं. ते न्हाई, हे टाकायचं व्हतं." हे तो इतक्या सहज म्हणायचा की समोरच्याला वाटावं, चूक आपलीच झाली. दिनकरराव याच्या अगदी उलटा. टाकलेल्या पानाकडे तो परत बघायचासुद्धा नाही. "मर्दानं टाकलं ते टाकलं," हे त्याचं ठरलेलं वाक्य, आणि ते तो माणिकरावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायचा.

पहिल्याच वर्षी आत्यानं कायदा केला, "पान घोंगडीला टेकलं की गेलं." त्यावर माणिकरावानं पान टेकवणंच बंद केलं. घोंगडीवर वीतभर उंचीला पान धरून तो वैजीनाथाकडे बघत राहायचा. घारीसारखा त्याचा हात हवेत तरंगायचा. मग आत्यानं कायदा बदलला, "पान दिसलं की गेलं." तर हा पान पालथं टाकायला लागला आणि वर अंगठा ठेवून बसायला लागला.

शेवटी आत्या म्हणाली, "बरं. घे मागं. पण मागं घेतलेलं पान उघडंच तुझ्याम्होरं पडंल, आन् ते कवा खेळायचं ते दिनकर सांगंल."

माणिकराव खुश. दोन दिवस गावभर सांगत हिंडला की आत्यानं आपली बाजू घेतली. पुढच्या वर्षी डाव सुरू झाल्यावर त्याला कळलं की उघडा पडलेला एक्का दिनकरराव नेमका तेव्हा मागतो, जेव्हा त्या एक्क्यानं काहीच हाती लागत नाही. पण माणिकरावाची अक्कल तिथंही चालली. तो मुद्दाम चुकायला लागला. भिडूला जे पान दाखवायचं असेल ते "चुकून" टाकायचा, मग उचलायचा. पान उघडं पडायचं, वैजीनाथाला सगळं समजायचं. आत्यानं कपाळावर हात मारला आणि एका डावात एकदाच चुकायची मुभा ठेवली.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी माणिकरावानं ती मुभा पहिल्या दोन हातांतच उडवून टाकली होती. म्हणून तो जरा चिडलेला होता. त्याच्या डावीकडे दिनकरराव, समोर वैजीनाथ, उजवीकडे भुजंग. आत्या दोघांजवळच पाराच्या कठड्याला टेकून बसलेली. भोवती बैल धुऊन आलेले लोक. कुणाच्या हाताला हळद, कुणाच्या अंगाला शेणामातीचा वास.

पान मागं घेता येत नाही म्हटल्यावर माणिकरावानं दुसरा उद्योग सुरू केला. तो शेजाऱ्याच्या हातात डोकावायला लागला. मान वळवायची नाही, फक्त डोळे वळवायचे. दिनकररावाचा पानं धरायचा हात अलीकडे बराच सैल झाला होता. तो पानं तोंडाजवळ न्यायचा, पुन्हा लांब धरायचा, उन्हाकडे करायचा. त्यामुळे माणिकरावाला बसल्या जागी निम्मा डाव दिसत होता. इस्पिकाची दोन-तीन पानं, आणि त्यांच्या मधोमध किलवराची राणी.

हुकूम बदामाचा होता. दोन्हीकडे एकेक मेंढी झाली होती. माणिकरावानं किलवराचा एक्का टाकला.

दिनकररावानं पानं न्याहाळली. "किलवर न्हाई," म्हणाला आणि बदामाची छक्की मारली.

वैजीनाथाकडे किलवराचं एकच पान होतं, आणि ती दश्शी होती. रंग आहे म्हटल्यावर ती टाकणं भाग होतं. मेंढी गेली. दिनकररावाच्या मागे बसलेल्यांनी टाळ्या पिटल्या.

माणिकरावाला मात्र आतून गुदगुल्या झाल्या. किलवराची राणी त्यानं डोळ्यांनी पाहिली होती. हातात रंग असताना हुकूम मारला, म्हणजे सरळ सरळ लबाडी, आणि ती कुणी केली, तर मर्दानं टाकलं ते टाकलं म्हणणाऱ्यानं. त्यानं ठरवलं, आत्ता बोलायचं नाही. ती राणी कधीतरी घोंगडीवर पडेलच. भर गावासमोर पडू दे. मग विचारू, दादा, ही कुठून आली? वर्षभर पुरेल एवढी ती मजा होती. तो मिशीतल्या मिशीत हसत बसला. वैजीनाथाला वाटलं, मेंढी गेल्याच्या दुःखानं भावाचं डोकं फिरलं.

दिनकररावानं बदामाचा राजा टाकला. सगळ्यांनी हुकूम दिले. आणखी एक हात त्यालाच गेला. मग त्यानं पुन्हा पानं डोळ्यांजवळ नेली, पार नाकाला लावली, आणि स्वतःशीच पुटपुटला, "आता इस्पिकाची राणी टाकावं."

ते पुटपुटणं शेजारी बसलेल्या माणिकरावाला ऐकू आलं. त्यानं खाली बघितलं. इस्पिकाची राणी त्याच्या स्वतःच्या हातात होती.

दिनकररावाची बोटं किलवराच्या राणीवर होती. अगदी ठामपणे. लबाडी करणाऱ्याची बोटं अशी नसतात, हे माणिकरावाइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याला एकदम सकाळची नदी आठवली. दिनकरराव दुसऱ्याच्याच बैलाला घासत बसला होता आणि भुजंगानं हाक मारल्यावर थट्टेवारी नेऊन उठला होता. लोक हसले होते. माणिकराव सगळ्यांत मोठ्यानं हसला होता.

म्हणजे दादाला दिसत नाही. काळं पान काळंच, इस्पिक काय नि किलवर काय. आता ती राणी पडणार, भुजंग बघणार, गाव बघणार. कुणी म्हणेल लबाड, कुणी म्हणेल आंधळा. आंधळा म्हटलं की उद्यापासून भुजंग औत हातात घेऊ देणार नाही, बाजाराला एकटं सोडणार नाही, पारावर हात धरून आणून बसवेल. लबाड म्हटलं तर ते तर त्याहून वाईट, कारण दिनकररावाला त्याची सवय नव्हती.

हा विचार माणिकरावानं केला, असं म्हणणं बरोबर नाही. त्याच्या हातानं केला. इस्पिकाची राणी मांडीखाली गेली, बाकीची पानं त्यानं घोंगडीवर फेकली, आणि दिनकररावाच्या हातावर हात आपटून त्याचीही पानं पालथी पाडून त्यात कालवली.

"डाव मोडला. मला एक पान कमी आलंय. वाटपच चुकलंय."

"आत्ता?" भुजंग म्हणाला. "डाव संपत आला तवा कळलं तुमाला, काका?"

"मोजली न्हवती म्या."

"हरायला लागला म्हणून मोडायलाय," मागून कुणीतरी म्हणालं, आणि हसणं सुरू झालं.

आत्या कठड्यावरून उठली. माणिकरावासमोर येऊन उभी राहिली.

"ऊठ."

"आत्या, पाय मुंग्यायलाय."

"ऊठ म्हणते."

तो उठला. घोंगडीवर इस्पिकाची राणी चपटी होऊन पडली होती. पार हसून हसून हलायला लागला. आश्चर्य कुणालाच वाटलं नाही. उलट इतकी वर्षं वाट बघितलेली गोष्ट एकदाची झाली, असं सगळ्यांच्या तोंडावर होतं. वैजीनाथ तेवढा भावाकडे बघत राहिला. डाव मोडून काय मिळवलं, ते त्याला काही केल्या समजेना.

हसला नाही तो दिनकरराव. भुजंगानं ती राणी उचलून त्याच्या डोळ्यांपुढे नाचवली, "बघा आबा, इस्पिकाची राणी दाबून बसले व्हते." दिनकरराव त्या पानाकडे बघत राहिला. मग स्वतःच्या रिकाम्या हाताकडे.

"पान मागं घेतो, आत्या," माणिकराव म्हणाला.

"तुझी मुभा संपली," आत्या म्हणाली. "दिनकरचा बैल म्होरं जाईल. आन् तू उद्या सगळ्यांच्या मागं."

सगळ्यांच्या मागं, हे जरा जास्त झालं असं माणिकरावाला वाटलं.

दिवस मावळायच्या आत दिनकरराव त्याच्या गोठ्यात आला. माणिकराव बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळत होता. दिनकरराव दावणीजवळ उभा राहिला.

"माझ्या हातात कोणती राणी व्हती?"

"किलवराची."

"म्हंजे त्या मेंढीच्या टायमाला..."

"व्हय."

दिनकरराव खुंटीला धरून खाली बसला. "पाडव्यापासून असं व्हायलंय," तो म्हणाला. "सकाळी धुकं असावं तसं दिसायलंय. घरी बोललो न्हाई."

"घरी न बोलता पत्ते खेळायला बसलास. शाबास."

"बैल तुझाच म्होरं जाऊ दे, माणिक. मी आत्याला सांगतो."

माणिकरावानं चोळणं थांबवलं. "काय सांगशील? मला दिसत न्हाई म्हणून? मग म्या कशाला गावाम्होरं मांडीखालून पान काढू दिलं? आन् ऐक, मी लबाड म्हणून गावाला माहीत हाय. तू आंधळा म्हणून न्हाईस. मला नवीन डाग काई लागला न्हाई. गपचीप बैल म्होरं घे. पोळा झाला की परभणीच्या दवाखान्यात जाऊ. घरी सांग, माणिकला सरकीचा भाव बघायचाय, सोबत पाहिजे."

दुसऱ्या दिवशी तोरण दिनकररावाच्या बैलानं तोडलं. माणिकरावाचे बैल गावाच्या शेवटी, म्हाताऱ्या बैलांच्याही मागून आले. शिंगांना हिंगूळ, अंगावर नवी झूल, आणि पुढच्या बैलांनी उडवलेली सगळी धूळ त्या झुलीवर. बायका ओसरीतून बघून तोंडाला पदर लावत होत्या. आत्या वेशीजवळ उभी होती. माणिकराव जवळून जाताना ती हळूच म्हणाली, "दिनकरनं इस्पिकाची राणी टाकतो म्हणलेलं मला ऐकू आलतं."

माणिकराव थबकला. "मग मला मागं कामून टाकलंस?"

"पान मांडीखाली घातलंस का न्हाई?"

"घातलं."

"मग?"

बैल पुढे गेले, तो त्यांच्यामागून गेला.

परभणीच्या डॉक्टरांनी दिनकररावाचे डोळे तपासले, मोतीबिंदू पिकायला वेळ आहे म्हणाले आणि जाड भिंगांचा चष्मा लिहून दिला. चष्मा लावून दिनकरराव दवाखान्याच्या पायरीवर आला आणि बराच वेळ रस्त्याकडे बघत उभा राहिला. मग वळून माणिकरावाकडे बघितलं.

"तू लय म्हातारा झालास रे," तो म्हणाला.

"चष्मा वापस करून येऊ का?"

पुढच्या पोळ्याला दिनकरराव चष्मा पुसून डावाला बसला. आता त्याला सगळं दिसत होतं. माणिकरावाचे वळणारे डोळे दिसत होते, वैजीनाथाच्या भुवया दिसत होत्या, पानाखाली सरकणारा अंगठा दिसत होता. पहिल्याच हातात माणिकरावानं चौकटचा गुलाम टाकला, भिडूकडे बघितलं आणि हात पुढे केला.

"हात काढ," दिनकरराव म्हणाला.

"डावात एकदा चालतं, दादा. आत्याचा कायदा हाय."

"मागं घे की. पण गुलाम उघडा ठेव. आन् त्या बाहीतलं पानबी उघडं ठेव."

आत्यानं बाही झटकायला लावली. बाहीतून बदामाची तिर्री पडली. एवढ्याशा पानासाठी एवढी खटपट कशाला केली, असं भुजंगानं खरोखर कुतूहलानं विचारलं. माणिकराव म्हणाला, दुसरं हाताला लागलंच न्हाई.

त्या वर्षी दिनकररावानं चारही मेंढ्या घेतल्या. माणिकराव संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याची बायको पार्वतीबाई पुरण वाटत होती. तिनं काही विचारायच्या आत तो म्हणाला, "परभणीला त्याला म्याच नेलतं. स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या बैलांनी."

पार्वतीबाईनं पाट्यावरून मान वर केली नाही. "आता पाय धुऊन घ्या," ती म्हणाली, "दिनकरभावजी जेवायला येणार हायती. त्यांनीच निरोप धाडलाय."