सरावाचं दार

भिंतींना कान असतात, असं तुम्हीच म्हणता. मग दाराला तोंड फुटलं तर नवल कसलं? मी दार आहे, पण माझ्यामागे घर नाही. चर्चच्या सभागृहात, खिडकीजवळच्या कोपऱ्यात, मी दोन लाकडी पायांवर उभं आहे. माझ्यातून जाता येतं, तसंच बाजूनेही जाता येतं. नवखी माणसं मला बघून हसतात. हसू देत.

एके काळी मीही घरंदाज होतं. एका सुतारानं मला आपल्या लेकीच्या नव्या संसारासाठी घडवलं. बिजागऱ्या बसवताना तो जावयाला म्हणाला, "जड केलंय. आपटायचं नाही." त्या घरात मी चाळीस वर्षं काढली. लेकीची मुलं मोठी होऊन पांगली, नवरा गेला, ती एकटीच उरली. शेवटी शेवटी पलंगापासून माझ्यापर्यंत यायला तिला किती वेळ लागायचा, हे मला पक्कं ठाऊक आहे. बाहेरचा माणूस कंटाळून जायचा आणि मी मुकाट उभं. पुढे रस्ता रुंद झाला, घर पडलं आणि मी चर्चच्या अडगळीत येऊन पडलं.

तिथून मला बाहेर काढलं ते नर्सबाईंनी. उभा जन्म इस्पितळात काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. वस्तीत जे आजारी आहेत, एकटे पडलेत, ज्यांच्या घरातलं नुकतंच कुणी गेलंय, त्यांना भेटायला जोडीजोडीनं कसं जायचं, हे त्या चर्चला येणाऱ्यांपैकी बारा जणांना शिकवणार होत्या.

"बोलायला पाळकसाहेब आहेत," त्या म्हणाल्या. "आपण ऐकायला जायचं. आणि निम्मं काम दारातच होतं नाहीतर बिघडतं. म्हणून दारापासून सुरुवात."

दर शनिवारी आधी सराव, मग भेटी. एक जण माझ्यामागे उभा राहून दुःखी व्हायचा, दोघं पुढून यायचे. किराणा दुकानदार अंगावर शाल घेऊन म्हातारीचं सोंग असं वठवायचा की सांत्वन करायला आलेलेच हसून बेजार. नर्सबाईंचे नियम साधे होते. आत डोकावायचं नाही. प्रार्थना करायची तर आधी विचारायचं. तीनदा दार वाजवायचं, मनात वीसपर्यंत मोजायचं, आणि दार उघडलं नाही तर चिठ्ठी सरकवून निघायचं.

"कुणाच्या मानगुटीवर बसायचं नाही," असं त्या बजावायच्या. त्यांचं तरी काय चुकलं? नकोशा पाहुण्यांनी रोग्यांचा जीव कसा खाल्ला, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

पण सरावात माझ्यामागचा माणूस कडीला हात लावूनच उभा असायचा. पाच मोजायच्या आत मी उघडलेलं. त्यामुळे वीस म्हणजे पुष्कळ झाले, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलं. मला ते पटत नव्हतं, पण दाराला विचारतो कोण?

शिंपीदादा आणि शाळेच्या बाई ही सगळ्यांत तयार जोडी. त्यांच्या वाट्याला आले एक निवृत्त पोस्टमन. बायको गेल्यापासून त्यांचं चर्चला येणं थांबलं होतं. लेक परगावी असायची. नर्सबाई म्हणाल्या, "या माणसाची मला फार काळजी वाटते. भेटा त्यांना."

पहिल्या शनिवारी जोडी परत आली ती हिरमुसलेल्या चेहऱ्यानं. "घरी नव्हते. चिठ्ठी टाकलीय." दुसऱ्या शनिवारी तेच. तिसऱ्या खेपेला शाळेच्या बाई म्हणाल्या, "त्यांना कुणी नकोच असेल." चौथ्या खेपेला शिंपीदादा घुटमळले.

"आत काहीतरी सरकल्यासारखं वाटलं मला."

"वीस झाले होते ना?" नर्सबाईंनी विचारलं.

"झाले होते."

"मग बरोबर केलंत."

पुढच्या मंगळवारी पोस्टमन झोपेतच गेले. माती द्यायला सगळी मंडळी हजर होती. ज्यांना जिवंतपणी भेटता आलं नाही, त्यांना सगळ्यांनी फुलं वाहिली.

शनिवारी सराव चालू असताना त्यांची लेक सभागृहात आली. तिच्या हातात चार चिठ्ठ्या होत्या.

"या तुमच्याच ना?" तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "बाबांचे गुडघे गेले होते. खुर्ची पुढे ढकलत, तिला धरून चालायचे. मला फोनवर सांगायचे, माणसं येतात गं, पण मी निम्म्या वाटेवर असतो तोवर जिन्यात पावलं वाजतात. हाक मारायचे, पण आवाज कुठे पोचतोय? मी म्हटलं, चर्चला कळवते. तर म्हणाले, नको, आपणहून येतात बिचारे, त्यांची तक्रार कशाला? या शनिवारी सकाळपासून दाराशीच बसतो." तिनं चिठ्ठ्या नीट जुळवल्या. "मी आले तेव्हा बसायची दुसरी खुर्ची दाराशी मांडून ठेवलेली होती. शनिवारच्या चार दिवस आधीपासून."

दुकानदारानं अंगावरची शाल काढून घडी केली. नर्सबाई पुढे आल्या. मग लेकीचे हात धरून म्हणाल्या, "वीस मोजा, असं मीच शिकवलं होतं, बाळा. यांचा दोष नाही." मला रडता येत असतं तर मी त्या दिवशी रडलं असतं.

आता सराव बदललाय. माझ्यामागचा माणूस सभागृहाच्या पार दुसऱ्या टोकाला बसतो आणि खुर्ची ढकलत येतो. मोजायचं कुणी नाही. माझ्या फळ्या आता फुगल्यात, वरची बिजागरी कुरकुरते, फार दिवस टिकेन असं वाटत नाही. तोवर एवढंच मागणं आहे: कुणाचं दार वाजवलंत, तर तिथून हलायची घाई करू नका.

परवा सराव संपून सगळे पांगले. शिंपीदादा मागे राहिले. माझ्यासमोर आले, तीनदा टकटक केली आणि हात बांधून उभे राहिले. नर्सबाई खिडक्या लावत होत्या. त्यांनी वळून पाहिलं.

"दादा, मागे कुणी नाहीये."

"माहीत आहे," ते म्हणाले आणि उभेच राहिले.